न विचारलेल्या किमतीबद्दल

प्रिय तादा,

पत्र मराठीत आहे. माझं हिंदी तुम्ही चार दिवस गाडी चालवता चालवता ऐकून घेतलंत, तेवढं पुरे. तुमची पुतणी पुण्यात शिकायला आली, इथेच नोकरीला लागली आणि आता रिक्षावाल्यांशी मराठीत भांडते, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. ती वाचून दाखवेल. तुमच्याकडे थोरल्या भावाला तादा म्हणतात हे कळल्यावर मी पहिल्याच दिवशी ते नाव उचललं. वयाने तुम्ही माझ्याहून धाकटे निघालात तरी ते तसंच राहिलं.

नोव्हेंबर 2019. इम्फाळ विमानतळाबाहेर तुम्ही विचारलंत, कुठे जायचं? मी कागद पुढे केला: रेड हिल, मोइरांग, सांगशाक, कोहिमा, सगळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या जागा. त्यात लोकताकचा तलाव नव्हता, बायकांचा बाजार इमा कैथेल नव्हता. ‘फौजी हो?’ तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नाही, हेल्मेटवाला. तुम्ही आरशातून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत.

तेव्हा माझ्या माळ्यावर 31 जुनी लष्करी हेल्मेटं होती. पहिलं पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं होतं, ब्रिटिश मार्क 2. कुणा गवंड्याने त्याचं घमेलं केलं असावं, आत सिमेंटचा थर होता. तो खरवडता खरवडता मला हा नाद लागला. ताटासारख्या रुंद काठाचं हे हेल्मेट असं का, तर 1915 साली ब्रोडी नावाच्या माणसाने त्याचा मूळ नमुना काढला तो खंदकातल्या शिपायासाठी. डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे वरून पडायचे, म्हणून काठ छत्रीसारखा. जर्मनांनी 1916 मध्ये कान आणि मान झाकली. हे सगळं मी तुम्हाला सांगशाकच्या वाटेवर, लितानपर्यंतच्या वळणांवर ऐकवलं आणि तुम्ही ‘अच्छा’ एवढंच म्हणत राहिलात. बायको तेवढंही म्हणत नाही.

लोक हेल्मेट समोरून बघतात, आम्ही आधी उताणं करून बघतो. अस्तर कसलं आहे, पट्ट्याच्या कड्या कुठे आहेत, कारखान्याचा ठसा आहे का. संग्रहालयात काचेआड हे जमत नाही, म्हणून माझ्याकडे दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा असतो. काचेची फळी असेल तर खालून धरायचा. रेड हिलचं शांतता संग्रहालय त्याच वर्षी जूनमध्ये उघडलं होतं, इम्फाळच्या लढाईला 75 वर्षं झाली म्हणून. तिथे मी गुडघ्यावर बसून फळीखाली आरसा घातला आणि पहारेकरी धावत आला. तुम्ही त्याला तुमच्या मैतेई भाषेत काहीतरी सांगितलंत. तो हसला आणि त्याने मला चक्क बसायला स्टूल आणून दिलं. तुम्ही काय सांगितलं होतंत ते मोइरांगच्या वाटेवर कळलं: हा पुण्याचा दातांचा डॉक्टर आहे, याला सगळीकडे दातच दिसतात.

तुमच्या भाषांतराची रीत मला तेव्हाच कळायला हवी होती.

सांगशाकला मी का निघालो होतो, ते तुम्हाला धड सांगितलंच नव्हतं. मार्च 1944 मध्ये जपानी फौजा कोहिमाकडे सरकत असताना या तांगखुल नागांच्या गावाच्या टेकडीवर ब्रिटिश हिंदी सैन्याची 50 वी पॅराशूट ब्रिगेड अडून बसली होती. तिच्याबरोबर होती आमच्याकडची पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी. 22 तारखेपासून 26 च्या रात्रीपर्यंत. टेकडीवर पाणी नाही, पुढे लावायला काटेरी तार नाही. विमानातून टाकलेला दाणागोटा आणि दारूगोळा बराचसा जपान्यांच्या हद्दीत पडायचा. शेवटची झटापट चर्चच्या आसपास झाली आणि रात्री उरलेल्यांना निघून जायचा हुकूम आला. जपान्यांचे जे दिवस इथे गेले ते त्यांना पुढे कोहिमात नडले. सातारा-कोल्हापूरकडची पोरं त्या थंडीत कशी राहिली असतील, हे मला बघायचं होतं. असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला हेल्मेट हवं होतं.

आणि ते दिसलं. चर्चच्या खालच्या अंगाला एका घराच्या ओट्याजवळ, उताणं, कोंबड्यांच्या पाण्याने भरलेलं. मार्क 2 नव्हतं, खोलगट होतं. जपानी 90 नमुन्याचं! पुढची चांदणी गळून पडली होती, पण ती बसवायची फट शाबूत होती आणि आत नाडी बांधायची एक कडी गंजून चिकटलेली होती. माझे हात थरथरत होते. मी तुम्हाला हळूच म्हटलं, आजींना विचारा कितीला देणार, पाच हजारांपर्यंत चालेल.

तुम्ही आजींशी मैतेईत बोलायला लागलात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आजींनी हाताने उताराकडे दाखवलं, मग घराकडे, मग हसल्या. लाल चहा आला. मी पाकिटावर हात ठेवून बसलो होतो. शेवटी तुम्ही वळून म्हणालात, ‘हे त्यांच्या सासऱ्यांना चर्चखालच्या उतारावर खणताना मिळालं. लढाई झाली तेव्हा गाव रानात पळालं होतं. परत आले तेव्हा घरं राहिली नव्हती. भांडी नव्हती, म्हणून हे ठेवलं.’ मी विचारलं, आणि किंमत? तुम्ही म्हणालात, ‘चहा घ्या, गार होतोय.’ मला वाटलं, आजींनी नाही म्हटलं. उतरताना मी तोंड पाडून बसलो होतो, तुमच्याशी धड बोललोसुद्धा नाही. त्याबद्दल माफी.

दुसऱ्या दिवशी कोहिमाच्या रस्त्यावर, माओ गावातल्या टपरीवर तुम्ही कबूल केलंत की किंमत विचारलीच नव्हती. मी भडकलो. चार दिवसांचं भाडं कुणी दिलं, असंही बोलून गेलो. तुम्ही शांतपणे बिस्किटाचा पुडा फोडलात आणि म्हणालात, ‘किंमत ठरली असती तर तुम्ही ते उचलून गाडीत घातलं असतं. कुठे सापडलं हे तुम्ही विचारलं असतंत का?’

नसतं विचारलं.

कोहिमाच्या दफनभूमीत त्या दिवशी मी फार वेळ उभा होतो. 1,420 थडगी, आणि वरच्या बाजूला 917 हिंदू-शीख सैनिकांचं दहनस्मारक. उपायुक्तांच्या बंगल्याचं टेनिस मैदान जिथे होतं तिथे त्याच्या पांढऱ्या रेषा अजून आखून ठेवल्या आहेत. त्या मैदानाच्या अलीकडे-पलीकडे दोन फौजा बसल्या होत्या, अंतर किती ते पावलांनी मोजता येतं. मी मोजलं. मग सांगशाकचा उतार डोळ्यांपुढे आला. चर्चपाशी आपली माणसं, आणि ते जपानी हेल्मेट चर्चच्या खाली. म्हणजे ते घालणारा चढत होता आणि तिथवर पोचला होता. कोणत्याही ठशाने मला हे सांगितलं नसतं.

घरी आल्यावर मी प्रत्येक हेल्मेटला सुतळीने एकेक पत्रिका बांधली: नमुना, वर्ष, ठसा, कुठे सापडलं. शेवटच्या रकान्यात 29 ठिकाणी ‘जुना बाजार’, ‘चोर बाजार’ किंवा ‘टपालाने’. म्हणजे काहीच नाही. जुन्या बाजारात परत जाऊन त्या मार्क 2 वाल्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, भंगार कुठून येतं ते भंगाराला पण माहीत नसतं. तेव्हापासून पत्ता सांगू न शकणारी वस्तू मी घेत नाही. संग्रह वाढलेला नाही. बायको म्हणते, त्या ड्रायव्हरला मिठाई पाठवा.

मे 2023 मध्ये मणिपुरात मैतेई-कुकी हिंसाचार पेटला, त्यानंतर मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात की लितानच्या रस्त्याने आता गाडी घालत नाही. त्यावर मला काही बोलता आलं नाही. पुतणीला म्हणावं, दिवाळीला घरी ये, माळा दाखवतो.

आणि हो, 32 नंबरची पत्रिका मी करून ठेवली आहे. हेल्मेट नाही, नुसती पत्रिका, रिकाम्या खिळ्याला टांगलेली: जपानी, 90 नमुना. चांदणी नाही. सांगशाक, चर्चखालचा उतार. सध्या कोंबड्यांच्या पाण्याला.

तुमचा,
दातांचा डॉक्टर