पाणी प्या म्हणता, पण जायचं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आरोग्य पुरवणीत मुतखड्यावर लेख येतो. यंदाही आला. ‘भरपूर पाणी प्या’ हा त्यातला सल्ला शंभर टक्के खरा आहे, आणि तरीही तो वाचून मला राग आला. मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी घरी परतेपर्यंत जेमतेम घोटभर पाणी पितात. तहान त्यांनाही लागते. पण स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, टाकीत पाणी नाही, आणि मधल्या सुट्टीत बाहेर मुलं उभी असतात. आत जावं लागू नये म्हणून त्या पाणीच टाळतात.

खडा होतो कसा, ते मी आठवी-नववीला खडीसाखरेच्या प्रयोगातून शिकवते. घट्ट पाकात दोरा सोडला की खडे धरतात, पाक पातळ असेल तर धरत नाहीत. लघवीचंही तसंच आहे. कॅल्शियम, ऑक्झॅलेट, युरिक ॲसिड ही द्रव्यं तिच्यातून रोज बाहेर पडत असतात. पाणी पुरेसं असेल तर ती विरघळलेली राहतात, कमी पडलं की त्यांचे स्फटिक बनतात. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे त्यांना दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला डॉक्टर सांगतात. अडीच लिटर पाणी नव्हे, अडीच लिटर लघवी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातलं कितीतरी पाणी घामावाटेच जातं, त्यामुळे प्यायचं पाणी त्याहून बरंच जास्त लागतं. लघवी फिकट, जवळजवळ पाण्यासारखी होते आहे का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावं.)

पाण्याचा हा उपाय आजीबाईच्या बटव्यातला नाही, तो तपासलेला आहे. इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला लावलं, निम्म्यांना काही बदल सांगितला नाही. १९९६ साली निष्कर्ष आले. पाणी पिणाऱ्यांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसऱ्या कुठल्या दुखण्याला आहे?

पण तो फुकट नाही. त्याला जवळ पिण्याजोगं पाणी लागतं, आणि जायला आडोसा लागतो. ही दुसरी अट आपल्या लेखांत कधीच येत नाही. मुतखडा बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. ट्रकचालक, वीटभट्टीवरचे मजूर, स्लॅब टाकणारे, सगळे दिवसभर तापतात आणि पाणी तोलून पितात. बायकांना त्यावर आणखी एक भीती असते. लघवी तासन् तास तुंबवल्याने संसर्गाची शक्यता वाढते, आणि काही जंतूंच्या संसर्गातून वेगळ्याच जातीचा खडा होतो. तो झपाट्याने वाढून मूत्रपिंडाचा आतला भाग भरून टाकू शकतो.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. १९४८च्या कारखाने कायद्याने कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि शौचालय बंधनकारक केलं होतं. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायची सोयसुद्धा त्यात होती. पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आत. ज्याच्या कोयत्यावर तो कारखाना चालतो तो माणूस फाटकाबाहेर, फडात असतो. मुकादमाने टोळीमागे पाण्याचा एक ड्रम ठेवला तर ठेवला. बायकांच्या आडोशाचं तर कुणी नावच काढत नाही.

आता उपचारांबद्दल थोडं, कारण तिथेही माहिती न मिळाल्याने माणसं होरपळतात. माझा धाकटा भाऊ ट्रक चालवतो. पाठीतून जांघेत उतरणारी कळ आली की तो पानफुटीची पानं चावायचा आणि हुलग्याचं कढण प्यायचा. हुलगे पौष्टिकच आहेत, खुशाल खावेत. पण चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपले आपणच पडून जातात आणि श्रेय पानफुटीला मिळतं. सेंटीमीटरभराचा खडा सहसा असा पडत नाही. आणि कळ थांबली म्हणजे खडा गेला असंही नाही. तो मूत्रनलिकेत अडकून बसतो, दुखायचं थांबतं, आणि वरचं मूत्रपिंड हळूहळू निकामी होत राहतं. म्हणून दुखणं थांबल्यावरही सोनोग्राफी करायला हवी. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.

भावाचा खडा शेवटी दुर्बिणीने काढला. आत एक बारीक नळी ठेवली होती, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती ठरलेल्या मुदतीत काढावी लागते, नाहीतर तिच्यावरच खडे धरतात. हे त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. माझ्या वाचनात आला म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी वाचणारं कुणी नाही त्यांचं काय? निदान नळी काढायची तारीख मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावी. खर्चाच्या धास्तीने घरी कुढत बसणाऱ्यांना हेही कळायला हवं की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं.

पथ्याच्या बाबतीत तर सल्ल्यांचा सुळसुळाट आहे. टोमॅटो बंद, दूध बंद. टोमॅटोत ऑक्झॅलेट फारसं नसतं. ते पालक, अळू, चुका, बीट यांत पुष्कळ असतं. आणि दूध बंद करणं तर उलटंच पडतं. जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं, त्यामुळे ते लघवीपर्यंत कमी पोचतं. पार्माच्याच डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर हेही पाहिलं. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना झाला. तेव्हा पालकाच्या भाजीबरोबर वाटीभर दही घ्यावं आणि हात आखडायचा तो पापड, लोणचं, फरसाण यांवर. मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. लिंबू पिळलेलं पाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट स्फटिक धरू देत नाही.

केरळमधल्या शाळांत २०१९ पासून ‘पाण्याची घंटा’ वाजते. दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते आणि सगळी मुलं पाणी पितात. आपल्याकडेही ती प्रत्येक शाळेत वाजावी असं मला मनापासून वाटतं, पण आधी स्वच्छतागृहाला कडी आणि नळाला पाणी, मग घंटा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ही शिक्षणहक्क कायद्याची २००९ पासूनची अट आहे. ती कागदावर पुरी झाली की तपासणी संपते. तपासणीला येणाऱ्या बाईंनी एकदा ते स्वच्छतागृह स्वतः वापरून शेरा लिहावा. मुंबईतल्या महिलांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, मोहीम चालवली, तशी ती तालुक्याच्या बाजारपेठेत आणि उसाच्या फडावरही व्हायला हवी.

आपल्या वार्ताहरांना माझी एक विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात ‘भरपूर पाणी प्या’ हा लेख छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी जिल्ह्यातल्या दहा शाळांच्या आणि दहा आठवडी बाजारांच्या स्वच्छतागृहांची प्रत्यक्ष पाहणी करून माहिती छापा. कडी आहे का, पाणी आहे का, कुलूप कुणाकडे असतं. गावांची नावं घालून छापा.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका,
जि. जालना