गोल्फ शिकवताना आधी क्लबचं तोंड शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सुट्टीतल्या शिबिरांचं पान आलं, त्यात गोल्फला पाव पान दिलं होतं. बघून आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला, कारण आमचं घर गोल्फवर चाललंय. आण्णा, म्हणजे माझे वडील, बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर कॅडी, म्हणजे खेळाडूंची क्लबची (गोल्फच्या काठ्यांची) पिशवी वाहणारे, होते आणि मी पण शाळा सुटली की झाडीत हरवलेले बॉल शोधायला जायचो. मराठी पेपरात गोल्फ म्हणजे कोण जिंकलं आणि किती डॉलर मिळाले एवढंच येतं, खेळतात कसं ते कुणी लिहीत नाही, त्यामुळे तुम्ही तंत्राच्या चार ओळी छापल्या हेच खूप झालं. पण त्या चार ओळींत जे तीन सल्ले आहेत, डोकं खाली ठेवा, डावा हात ताठ ठेवा आणि जोरात मारा, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

हेच तीन सल्ले माझ्या मुलीला गेल्या उन्हाळ्यात एका शिबिरात दोन महिने मिळाले. शिबिराचं नाव लिहीत नाही. मुलगी नववीत, क्रिकेट खेळायची, हाताला जोर आहे. पहिल्याच दिवशी तिच्या हातात ड्रायव्हर दिला, म्हणजे सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड क्लब, आणि मार म्हणाले. बॉल थोडा सरळ जायचा आणि मग विळ्यासारखा उजवीकडे वळत जाळीत. दर वेळी सर म्हणायचे डोकं उचललंस. पोरीने डोकं इतकं दाबून धरलं की मान दुखायला लागली, रात्री बाम लावून झोपायची, आणि बॉल उजवीकडेच. दोन महिन्यांत एकदाही कुणी तिला सांगितलं नाही की बॉल उजवीकडे का जातो. फी गेली त्याचं एक वेळ चालेल, पण पोरगी म्हणायला लागली की पप्पा मला हा खेळ जमणार नाही, ते मला लागलं.

मग एक दिवस आण्णा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, आले, मागे खुर्ची टाकून दहा-बारा बॉल नुसते बघितले आणि तिला म्हणाले, "तू कुठं बघतीस ते बॉलला काय कळतंय गं, त्याला फक्त काठीचं तोंड दिसतंय." आण्णा शिकलेले चौथी, पण या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं तेच आज महागडी मशिनं सांगतात.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हे मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशोबाने लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं धरावं. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, तेवढ्यात माणूस हाताने काही सुधारणा करूच शकत नाही, जे काय असेल ते आधीच ठरलेलं असतं. त्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारं त्याचं सपाट तोंड, जिकडे बघत असेल साधारण तिकडेच बॉल निघतो. पूर्वी उलटं शिकवायचे, की बॉल स्विंगच्या, म्हणजे क्लब फिरत येतो त्या रस्त्याच्या, दिशेने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेला वळतो, मोठमोठ्या खेळाडूंनी पण हेच सांगितलंय. पण ट्रॅकमन नावाचं डेन्मार्कच्या कंपनीचं रडार आलं, हायस्पीड कॅमेरे आले आणि मोजल्यावर कळलं की बॉल निघतो त्या दिशेत ड्रायव्हरला ८५ टक्क्यांच्या आसपास आणि आयर्नला, म्हणजे लोखंडी तोंडाच्या आखूड क्लबला, ७५ टक्क्यांच्या आसपास वाटा फेसचा असतो, स्विंगच्या रस्त्याचा वाटा उरलेला. आणि बॉल हवेत वळतो तो फेस आणि रस्ता यांच्यातल्या फरकाने. बॉल हवेत उलटा फिरत जातो म्हणून वर टिकतो, फेस आणि रस्ता जुळला नाही की त्याचा फिरण्याचा आस एका बाजूला कलतो आणि कलेल तिकडे बॉल ओढला जातो. फेस रस्त्याच्या मानाने उघडा असला की उजवीकडे, तो स्लाइस, बंद असला की डावीकडे, तो हुक. फेस नुसता १ अंश चुकला आणि बॉल तसाच १ अंश बाजूला निघाला तर १८० मीटरवर तो ३ मीटर बाजूला पडतो, वळण त्याच्या वर वेगळं.

आता यातली खरी गंमत, जी कळल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. बॉल उजवीकडे जातो म्हटल्यावर माणूस काय करतो, साहजिकच डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि डावीकडे मारतो. म्हणजे स्विंगचा रस्ता अजून डावीकडे गेला पण फेस होता तसाच उघडा, म्हणजे दोघांतला फरक वाढला, म्हणजे बॉल अजून जास्त वळणार. मग तो अजून डावीकडे उभा राहतो. मी रेंजवर वीस-वीस वर्षं खेळणारे लोक बघितलेत जे असं करत करत जवळजवळ बाजूच्या मॅटकडे तोंड करून उभे राहतात, आणि शेजारचा कुणीतरी त्यांना सांगत असतो की डोकं उचलताय. माझी मुलगी दोन महिन्यांत त्याच वाटेला लागली होती.

आण्णांनी तिचा ड्रायव्हर काढून घेतला आणि सात नंबर आयर्न दिला. पहिला आठवडा फक्त ग्रिप. पाण्याची बादली उचलताना कडी बोटांत येते, तळहातात नाही, तसा क्लब डाव्या हाताच्या बोटांत धरायला लावला. मग खाली बघितल्यावर डाव्या मुठीच्या वरच्या गाठी, ज्याला कोच लोक नकल म्हणतात, त्या दोन ते तीन दिसल्या पाहिजेत. तिची अर्धी पण दिसत नव्हती, अंगठा दांड्यावर सरळ खाली. अशा ग्रिपने हात आपल्या नैसर्गिक जागेवर आला की फेस आपोआप उघडतो, मग कितीही जोर लावा. क्रिकेटवाल्या मुलांना हे जास्त होतं असं मी बघितलंय, कारण कव्हर ड्राइव्हला बॅटचं तोंड पुढे धरून ठेवायची सवय असते आणि गोल्फमध्ये हात फिरू द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट मनगट. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, टोकाला डावं मनगट मागे मोडलं की फेस उघडतो, सपाट राहिलं की फेस हाताच्या रेषेत राहतो. आणि त्याच्याही आधी, क्लब मागे नेताना दांडा जमिनीला समांतर झाला की थांबून बघायचं, क्लबच्या तोंडाचं टोक आभाळाकडे किंवा किंचित पुढे झुकलेलं पाहिजे, मागे पडलेलं नको. हे घरात आरशासमोर करता येतं, बॉल लागत नाही, रेंजचे पैसे लागत नाहीत. माझ्या मुलीने हॉलमध्ये रोज वीस मिनिटं केलं, एकदा ट्यूबलाइट फुटली तेवढीच.

ग्रिप म्हणजे एकच बरोबर आणि बाकी चूक असं पण नाही, हे मुद्दाम लिहितो कारण काही कोच पुस्तकातला फोटो दाखवून सगळ्यांना तसंच धरायला लावतात. निकलॉस आणि टायगर वूड्स बोटं अडकवून धरतात, बरेच प्रो उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवून धरतात. अमेरिकेच्या बेन होगनला सुरुवातीला हुकने पार छळलं होतं, त्याने उलट ग्रिप वीक केली, म्हणजे गाठी कमी दिसतील अशी धरली, आणि मग तो होगन झाला. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे पापवा सेवगोलम, भारतीय वंशाचे, कॅडी म्हणून सुरुवात केलेले, ते तर हात उलटेच धरायचे, उजवा वर आणि डावा खाली. त्या ग्रिपने त्यांनी डच ओपन तीनदा जिंकली, १९५९, १९६० आणि १९६४ ला, आणि १९६५ ला तिथल्या नाताळ प्रांताच्या नाताळ ओपनमध्ये गॅरी प्लेअर या मोठ्या खेळाडूला हरवलं. १९६३ ला तीच स्पर्धा जिंकले तेव्हा वर्णभेदामुळे त्यांना क्लबहाऊसमध्ये घेतलं नाही, बाहेर पावसात उभं करून ट्रॉफी दिली. आण्णांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात उलटं असू दे, तोंड सरळ येत असणार त्यांचं." माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रिप कशी आहे ते तोंड कसं येतं यावरून तपासा, फोटोवरून नको.

डोकं खाली ठेवण्याबद्दल पण लिहायला हवं. स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टॅमने एलपीजीएवर, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक मालिकेत, ७२ स्पर्धा जिंकल्या, २००१ ला एका राउंडमध्ये, म्हणजे १८ होलमध्ये, फक्त ५९ फटके मारले, आणि तिचा व्हिडिओ स्लो करून बघा, बॉलला क्लब लागतो तेव्हा तिचं डोकं टार्गेटकडे वळायला लागलेलं असतं. बॉलकडे बघावं हे खरंच, पण मारल्यावरही डोकं दाबून धरलं की खांदे फिरायचे थांबतात, खांदे थांबले की हात एकटे पुढे जातात आणि फेस कधी उघडा तर कधी एकदम बंद. चौदा वर्षांच्या मुलीच्या मानेवर तो ताण कशाला. डावा हात ताठ ठेवायचं पण तसंच, लांब ठेवा म्हणा, ताठ केला की खांद्यापर्यंत सगळं आखडतं.

ग्रिपनंतर तीन आठवडे अर्धा स्विंग. हात कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, बॉल ४०-५० मीटर गेला तरी बस. बॉलच्या पुढे तीन मीटरवर टार्गेटच्या सरळ रेषेत एक काठी रोवायची आणि बॉल काठीच्या जरा डावीकडून काढायचा, मग जरा उजवीकडून, मुद्दाम. असं ठरवून करता यायला लागलं की फेस हातात आला म्हणायचं. अजून एक, व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर ठिपका काढून, ठिपका क्लबकडे करून बॉल मारला की फेसवर कुठे लागला त्याचा डाग उठतो, कारण ड्रायव्हरमध्ये बॉल टाचेकडे, म्हणजे तोंडाच्या दांड्याजवळच्या बाजूला, लागला तर फेस सरळ असूनही तो उजवीकडे वळतो, आणि मग बिचारा माणूस नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. आधी डाग बघायचा, मग फेसला दोष द्यायचा.

मुलीला चार महिने लागले. सात नंबर आता सरळ जातो, डावीकडून जरा उजवीकडे असा ती ठरवून पण काढते. ड्रायव्हर अजून दहातले तीन-चार उजवीकडे जातात, पण आता ती स्वतः सांगते की पप्पा ग्रिप सरकली किंवा टाचेला लागला.

हे सगळं तुम्हाला का लिहितोय, तर पुण्यात चांगला गोल्फ नवीन नाहीये. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला, उदयन माने पुण्यातून टोकियो ऑलिम्पिकला गेला. आणि दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ ला इंडियन ओपन जिंकली, १९९३ ला परत जिंकली, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते कारण प्रत्येक कॅडीला वाटलं आपलाच माणूस जिंकला. आण्णांच्या वेळी सोमवारी कोर्स बंद असायचा आणि त्या दिवशी कॅडींना खेळायला मिळायचं, एका सेटवर सहा जण, कुणाकडे कोच नाही, एकमेकांचं तोंड बघून, म्हणजे क्लबचं, शिकले. अशा घरातली पोरं आज मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतायत, सगळे व्हिडिओ इंग्रजीत, निम्मे एकमेकांच्या विरुद्ध सांगणारे. तुमचा पेपर त्यांच्या घरी येतो, त्यांचे आईवडील तो वाचतात, म्हणून त्यात जे छापून येतं ते बरोबर असावं एवढी कळकळ आहे. फी भरून शिबिराला जाणाऱ्या पालकांनी पण पहिल्या दिवशी सरांना विचारावं की बॉल उजवीकडे का जातो, आणि उत्तर फक्त डोकं असं आलं तर दुसरं शिबिर बघावं.

शेवटी एक छोटी विनंती. तुम्ही छापलेला फोटो समोरून काढलेला होता, मुलगा छान दिसतोय पण त्यात फेस दिसतच नाही. पुढच्या वेळी फोटोग्राफरला सांगा की मुलाच्या मागे, टार्गेटच्या रेषेत उभं राहून, हातांच्या उंचीवर कॅमेरा धरून बॅकस्विंगच्या टोकाला फोटो काढा. फेस डाव्या हाताच्या पुढच्या भागाला समांतर दिसला तर सरळ, टोक जमिनीकडे लटकत असेल तर उघडा, फेस आभाळाकडे बघत असेल तर बंद. असे तीन फोटो शेजारी शेजारी छापलेत तर पाव पानच पुरेल. फोटोला कुणी मूल हवं असेल तर माझी मुलगी उभी राहायला तयार आहे, तिन्ही प्रकार ती करून दाखवते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
येरवडा, पुणे