खिंडीची वेलांटी जागेवर आली

नमस्कार,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण नकाशाच्या ॲपमध्ये तुम्ही जे दुरुस्त केलंत ते मराठीच होतं. भाषांतर यंत्राकडून करून घ्या.

दर डिसेंबरात मी आमच्या शाळेची मुलं खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर नेते. खिंडीच्या वरच्या टेकाडांतल्या पायवाटा एकसारख्या दिसतात, धुकं उतरलं की जाणती माणसंही चुकतात, आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर कुणालाही नावं भरता येतात. तीन वर्षं रात्री जागून मी तिथे या भागातल्या वाटा, पाणवठे, खिंडी यांची नावं देवनागरीत भरली.

तो नकाशा फोनवर दाखवणाऱ्या ॲपच्या एका अपडेटनंतर ती सगळी विस्कटली. वाटेच्या वळणावरून लिहिलेल्या नावात 'खिंड'मधला ख एकीकडे, वेलांटी त्याच्या मागे ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली, अनुस्वार आणखी पुढे. 'नळीची वाट'च्या दोन्ही वेलांट्या सुट्या. "बाई, ही कुठली भाषा?" असं सहावीतल्या मुलीनं विचारलं, तेव्हा मला फार लागलं.

मोबाइलच्या दुकानात सांगितलं, फोन जुना झालाय, नवा घ्या. मदत कक्षाकडून तीनदा एकच छापील उत्तर आलं: ॲप काढून टाका, पुन्हा टाका. मी तिन्ही वेळा ते केलं. आणि ट्रेकिंगमधले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "इंग्रजी नावं लावा ना, काय फरक पडतो?" त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. फरक पडतो. इंग्रजी लिपीत ळ नाही. तिथे नळीची नाली होते. ज्या गावानं त्या वाटेला नाव दिलं, तिथल्या पोराला ते नकाशावर ओळखू येत नाही.

मग माझ्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं. तुम्ही ना मदत कक्षातले, ना पगारी. आपल्या सवडीतून त्या ॲपचा कोड सुधारणारे. तुम्ही विचारलंत, "हा शब्द कसा दिसायला हवा? कागदावर हातानं लिहून फोटो पाठवाल का?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

बिघाड कुठे होता ते तुम्ही मला समजावलंत. वळणावर नाव बसवताना प्रोग्रॅम एकेक चिन्ह सुटं करून मांडत होता. रोमन अक्षरांना ते चालतं. आपल्याकडे साठवताना आधी ख आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी. अक्षर जुळायच्या आतच तो ते तोडत होता. पुढचं तांत्रिक सगळं तुम्हीच निस्तरलंत.

पण मी आभार मानतेय ते त्या दुसऱ्या फोटोसाठी. दोन दिवसांनी तुम्ही चौकटीच्या वहीचं एक पान पाठवलंत. त्यावर 'खिंड' अकरा वेळा लिहिलेलं. पहिल्या ओळींत वेलांटी उलटी, मग शिरोरेषा तुटकी, मग हळूहळू सरळ. खाली प्रश्न, "शेवटचा बरोबर आहे का?" आमच्या डोंगरातल्या दोन अक्षरी शब्दासाठी, जी लिपी तुम्हाला कधी लागणार नाही ती तुम्ही गिरवत बसलात. शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. चुकत चुकत पान भरणाऱ्या मुलाचा हात मी ओळखते. तसा हात असलेली मोठी माणसं फार थोडी भेटली, आणि ज्यांना आम्ही रोज भेटतो त्या कचेऱ्यांमध्ये तर जवळजवळ नाहीतच.

त्या दिवशी मी घाईत फक्त "हो" कळवलं होतं. या डिसेंबरात तुमचं ते पान छापून गडावर नेलं. तोलार खिंडीत मुलांनी फोनवरचं नाव मोठ्यानं वाचलं, मग पान पाहिलं. ज्या मुलीनं 'कुठली भाषा' विचारलं होतं, तिनं लाल पेननं अकराव्या शब्दापुढे बरोबरची खूण केली, आणि सहाव्यापुढेही, कारण तिच्या मते तोही बरोबरच आहे. ते पान सोबत पाठवतेय.

तुमची,
हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरची एक शिक्षिका