मा. आरोग्यमंत्री, मॉर्फिनच्या गोळ्या कधी येणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस स. न. वि. वि.

सोमवारी सासूबाईंच्या वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या आणायला मी आमच्या जिल्हा रुग्णालयात गेले. "स्टॉक नाही, मुंबईहून आणा," खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरलाय. रात्री कूस बदलताना त्या पदराचा बोळा तोंडात धरतात, नातवंडं उठू नयेत म्हणून. ही गोळी काही लाखाची नाही, साहेब. ती रुग्णांना सहज मिळावी म्हणून 2014 मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला. कायदा बदलला, खिडकी तीच.

फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पात केंद्राने सांगितलं होतं, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र, त्यातली 200 त्याच वर्षात. आमच्याकडे पाटी लागलीय. पाटीखाली कुलूप आहे. पाटीवरचे फोटो मात्र छान आलेत, तुमचाही.

पाच लाखांचं कवच आहे, मान्य. महात्मा फुले योजनेतून सासूबाईंच्या केमोचे पैसे भरले गेले, खोटं बोलणार नाही. पण मंजुरी येईपर्यंत रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे रोजगार बुडवून कोण उभं राहतं? परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर अंथरूण टाकणारे, खोलीचं भाडं, वडापाववर काढलेले दिवस, हे कोणत्या पॅकेजमध्ये बसतं? दीड-दोन लाख तर असेच गेले असतील. हिशोब ठेवायला डोकं ठिकाणावर कुठे होतं? माझं शिलाई मशीन बंद आहे, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. नवऱ्याने सोसायटीचं कर्ज काढलं, नणंदेने बांगड्या मोडल्या. मोठ्या दिरांनी फोन उचलणं सोडलं. तेही कॅन्सरचंच एक लक्षण समजा.

रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण सवलत देते, सोबत्याला 75 टक्के. रुग्णाबरोबर माणूस लागतो हे रेल्वेला कळलं. तुमच्या खात्याच्या लेखी आम्ही फक्त "नातेवाईक, बाहेर थांबा". भांडं द्यायचं, ड्रेसिंग करायचं, रिपोर्ट घेऊन मजले चढायचे, रक्तदाता शोधायचा, हे सगळं नातेवाईकाचं. पगार नाही, रजा नाही, आडवं व्हायला कोपरासुद्धा नाही. सगळी आरोग्यव्यवस्था घरातल्या बायकांच्या कमरेवर उभी आहे आणि सत्कार मात्र तुमचे होतात. मेडिकल कॉलेजांच्या घोषणा करता, आहे त्या रुग्णालयात नर्स भरत नाही. निवडणूक आली की शिबिर, चष्मे आणि तुमच्या फोटोच्या पिशव्या. वेदनेवर मत मिळत नाही, म्हणून तिचं खातंच नसेल.

कुलूप काढा, नर्स द्या. नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला एक खोली द्या. आणि गोळ्या. "आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आला आहे" असं छापील उत्तर आधीच घरात आहे, दुसरं नको. गोळ्या कोणत्या तारखेला येणार, तेवढं कळवा. आमच्याकडच्या गुरुवारपर्यंत पुरतील.

कळावे,
पेशंटची सून