बाबांच्या डोळ्यासाठी

प्रिय आई-बाबा,

आधी ऐकून घ्या, मग रागवा. बाबांचा डोळा लाल झालाय, त्यासाठी उद्या सकाळी दहाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी परस्पर घेतली आहे. रावपुऱ्यातच आहेत, जिनेही नाहीत. विचारलं असतं तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते, आणि त्या ‘बघू’चं काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा, सोरायसिस कोपरावर दिसतो खरा, पण शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटल्यामुळे तो होतो. तशी सूज सांध्यांत येते, कधी डोळ्याच्या आतही. त्याला युव्हायटिस म्हणतात. ज्यांचे सांधे धरतात त्यांना त्याचा धोका जास्त, आणि सकाळी तुमची बोटं आखडतात हे आईने सांगितलंय. (तिच्यावर चिडू नका.) डोळे आले असते तर चिपडं धरली असती. आईने पाठवलेल्या फोटोत तसं काही नाही, लाली बुबुळाभोवतीच आहे. वर उजेड सोसत नाही म्हणून भरदुपारी पडदे ओढून बसता!

नुसता कोरडेपणा किंवा पापण्यांची सूजही निघेल, सोरायसिसमध्ये तीही होते. पण आतली सूज असली आणि अंगावर काढली, तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू शकते. लवकर थेंब सुरू झाले की बहुतेकदा आटोक्यात येतं, म्हणून तर ही घाई.

लहानपणी कमाटीबागेत माझ्या डोळ्यात कचरा गेला की तुम्ही रुमालाची पुरचुंडी करून तिच्यावर फुंकायचात आणि ऊब गेली की पुन्हा फुंकायचात. अजून डोळा चुरचुरला की हात आपोआप रुमालाकडे जातो.

आई, शेजारच्यांनी दिलेली ती थेंबांची बाटली बंद. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टर स्वतःही देतील, पण तपासून. मनाने घातले तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. कोपराचं मलम पापणीला अजिबात नको, गुलाबपाणीही नको. सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत घाल, आठवड्याच्या गोळीची विसरू नकोस. सोरायसिस आहे हे तूच आधी सांग, बाबा ‘थोडी खाज आहे’ म्हणतील.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसेल. स्कूटर घरीच ठेवा, रिक्षाने जा. काळा चष्मा न्या. मी शुक्रवारी पहाटे पोचतेच, पण तोवर थांबायचं नाही. येताना शेव-उसळ खाल्लीत तर माझी हरकत नाही, तर्री मात्र बेतानेच.

तुमची,
छकुली