आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ऑपरेशननंतरची वर्षं कुणाच्या भरवशावर?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईची बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली, गॅस्ट्रिक बायपास : जठर लहान करून ते लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. वजन ११२ किलो, शुगर, गुडघे गेलेले. ती घरी आली तेव्हा वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं, पण इन्शुलिनची सुई बंद झाली होती.

पोट लहान केलं म्हणून माणूस कमी खातो, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ व पीवायवाय ही हार्मोन्स जास्त सुटतात. शरीराचं स्वतःचं इन्शुलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर जातो. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत तर भूक लावणारं घ्रेलिन जिथे मुख्यतः तयार होतं, तो जठराचा भागच काढतात. दोन भाकऱ्यांवर भात घेणारी आई आता चतकोर भाकरीत ताट सारते, मन मारून नव्हे. जिला जन्मभर ‘तोंडावर ताबा नाही’ हे ऐकावं लागलं, तिच्यासाठी ही केवढी सुटका! दीड वर्षात ती ७६ किलोवर आली.

तिसऱ्या वर्षी आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटातून परतताना तिच्या एका पायातली चप्पल मागेच राहिली. तिला कळलंच नाही. तळवे बधिर झाले होते. तालुक्याला दाखवलं, मलम आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. सात महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा समजलं, नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलंय. बायपासनंतर ते अन्नातून नीट शोषलं जात नाही. यकृतातला साठा संपेपर्यंत दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही. त्यात आई माळकरी, बी-१२ देणारी मांस-मासळी वर्ज्य.

साहेब, माझी मागणी शस्त्रक्रियेसाठी नाही, पुढच्या वर्षांसाठी आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांची वर्षातून एकदा बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी मोफत व्हावी. डिस्चार्ज देताना मराठीत कार्ड मिळावं, म्हणजे गावच्या डॉक्टरांनाही कळेल. तरुण बायांना तर स्पष्ट सांगायलाच हवं : वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस लवकर राहू शकतात, आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबता येत नाही, हे किती जणींना माहीत असतं?

आईचा डावा तळवा अजून बधिर आहे. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. चपलेचं लिही, असं तिनेच सांगितलं होतं.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातली एक लेक