बहात्तरचा दुष्काळ आणि मुलांच्या वह्या

दहिवडी, जि. सातारा

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. प्रकल्प विज्ञानाच्या शिक्षकांकडे आणि निबंध भाषेच्या शिक्षकांकडे, ही तुमच्या शाळेतली वाटणी मोडावी का, असे तू विचारले आहेस. मोडावी, असे माझे ठाम मत आहे. मुले दुकानातून तयार चित्रे आणून प्रकल्पवहीत चिकटवतात आणि निबंध मार्गदर्शकातून पाठ करतात, ते आळसामुळे नव्हे. आपण शोधायला सांगतो तेव्हा लिहायला लावत नाही, आणि लिहायला लावतो तेव्हा शोधण्यासारखे काही ठेवत नाही.

आम्ही १९७२ चा दुष्काळ हा एकच विषय चौथी, सातवी आणि नववीला दिला. चौथीच्या मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना इतकेच विचारायचे होते, की त्या वर्षी तुम्ही काय खाल्ले? उत्तर सांगणाऱ्याच्या शब्दांत आणि त्याच दिवशी उतरवायचे, शुद्धलेखन नंतर पाहायचे. सुकडी, बरबडा, मिलो (म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी) असे सगळे वह्यांत आले. एका मुलीने लिहिले होते, "आजी म्हणाली, मिलोची भाकरी लाल व्हायची. मग गप्प बसली. मग म्हणाली, घशाखाली उतरत नव्हती." मधले वाक्य तिला कोणी शिकवले नव्हते. आपण पाहिलेले लिहायचे आहे हे ठाऊक असल्यामुळे ती आजीकडे लक्ष देऊन पाहत होती.

सातवीत साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, आणि खरे शिक्षण तिथेच झाले. गावाजवळचा पाझर तलाव दुष्काळी कामात झाला असे काहींनी सांगितले, तर तो आधीपासूनच होता असे इतरांनी. मुलांनी दोन्ही म्हणणी लिहिली, सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय लिहिले आणि मग ती तलावावर गेली. सांडव्याच्या भिंतीत १९७३ हे साल कोरलेले निघाले. त्यानंतर "तलाव बहात्तरला झाला" हे वाक्य खोडून एका गटाने लिहिले, "भिंतीवर १९७३ आहे, म्हणून काम दुष्काळात चालू असावे, पण भिंत नंतर दुरुस्त केली असेल तर सांगता येत नाही." व्याकरणाच्या तासाला संकेतार्थ कितीही घोटून घेतला, तरी असे वाक्य हाती लागत नाही.

नववीला प्रश्न आपोआप मिळाला. आजोबा म्हणतात, आम्ही बहात्तरला रोजगार हमीवर खडी फोडली. पुस्तकात मात्र रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. मग कोणाचे चुकले? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना कायद्याच्या आधीची आहे, आणि दुष्काळात मोठ्या प्रमाणावर चालली ती टंचाईची कामे, हे मुलांना वाचता वाचता उलगडले. लोकांच्या आठवणीत दोन्हींचे नाव एकच होऊन बसले होते. हे मांडण्यासाठी त्यांना मसुदा पुन्हा पुन्हा लिहावा लागला, कारण आजोबांना खोटे न पाडता तारीख बरोबर सांगायची होती. मी समासात बहुतेक वेळा एवढेच विचारत असे, की हे तुला कोणी सांगितले, किंवा तू कुठे वाचलेस?

असे शिकवले तर परीक्षेचे काय, ही तुझी शंका रास्त आहे. पण मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम आठव. १९७२ साली १६ सरकारी शाळांत तो सुरू झाला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिकही त्याला हातभार लावत होते. सहावी ते आठवीची मुले गटांत प्रयोग करून निरीक्षणे स्वतःच्या भाषेत लिहीत आणि परीक्षेला पुस्तक व वही सोबत नेत. सरकारने २००२ मध्ये तो बंद केला याचे मला आजही वाईट वाटते, पण तीस वर्षे साध्या सरकारी शाळांत तो चालला, हे विसरता येत नाही.

तू पेणला आहेस, तेव्हा दुष्काळ घेऊ नकोस. गणपतीचे कारखाने घे. चौथीने मूर्तिकारांचे हात पाहून लिहावे, सातवीने शाडू आणि प्लॅस्टर दोन्हींच्या बाजूने बोलणाऱ्यांचे ऐकावे, नववीने प्लॅस्टर कधी आणि का आले ते कारखानदारांच्या जुन्या हिशेबवह्यांतून शोधावे. मात्र काम गणपतीनंतर काढ, आधी कोणालाही बोलायला सवड नसते. आणि मुख्याध्यापकांकडून विज्ञान व मराठीचा आठवड्यातला एक तास जोडून मागून घे. तो मिळाला की मला कळव, आमच्या नववीच्या वह्या तुला पाठवते.

तुझी,
मंगल